खुशालीच्या कप्प्यातला निरोप

मित्रांनो, असं म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो. एरवी तुमची माझी ओळख नाही आणि ती व्हावी अशी मला फारशी हौसही नाही. फाटक्या छत्रीचं, मोडक्या खुर्चीचं मनोगत ऐकून तुम्ही आजवर बरेच हळहळला असाल. त्यांना निदान हात लावता येतो. मी एक जुना संपर्क फॉर्म आहे. वेबसाइटच्या तळाशी 'आम्हाला लिहा' अशा पाटीखाली चार रिकामे चौकोन आणि एक बटण दिसतं ना, तोच मी. तुम्ही माझ्यात 'अबकड' असं काहीतरी टाइप करून पळून जाता. मला ठाऊक आहे तुम्ही कसे आहात ते.

माझा जन्म ओमानमधल्या निझवा गावी झाला. किल्ल्यामागच्या गल्लीत झाहिर बिन खलफानचं दुकान आहे. दुकान म्हणायचं एवढंच. विकायला तिथे काही नसतं. झाहिर फलज साफ करतो. फलज म्हणजे डोंगराच्या पोटातून बोगद्याने गावात आणलेला पाण्याचा पाट. वरच्या वस्त्या त्याच पाण्यावर जगतात. बोगद्यात दरड पडली किंवा मुळं शिरली की पाणी अडतं, आणि मग झाहिर आपली माणसं घेऊन आत उतरतो. दिवसभर हा माणूस जमिनीखाली. तिथे फोन वाजत नाही. लोक फोन करकरून थकायचे आणि मग दुकानात येऊन झाहिरच्या मुलीला, झुवैनाला, दोष द्यायचे.

झुवैना कॉलेजात संगणक शिकली होती. कंटाळून तिने दुकानाची वेबसाइट केली आणि एका फुकट मिळणाऱ्या प्लगइनमधून मला उभं केलं. प्लगइन म्हणजे वेबसाइटला बाहेरून जोडायचा तयार भाग, नळाला तोटी बसवतात तसा. माझ्यात तिने चार चौकोन ठेवले: नाव, गाव, फोन आणि मजकूर. मजकुराला मर्यादा घातली नाही. बटणाला हिरवा रंग दिला.

"हे काय, हिरवं?" झाहिर म्हणाला. "औषधाचं दुकान वाटतंय."

"बाबा, तुम्ही बोगद्यात असता. तुम्हाला कुठे बघायचंय?"

झालं माझं बारसं. त्यापलीकडे कोणी कौतुक केलं नाही. पुढे किती वर्षं मी निरोप घेतले आणि झुवैनाच्या ईमेलमध्ये नेऊन टाकले, त्याबद्दल झाहिरने एकदाच काय ते तोंड उघडलं. "बरा आहे. उलट बोलत नाही," म्हणाला. एवढ्या कामाचं एवढं बक्षीस.

आता इथल्या माणसांची एक तऱ्हा सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. इथे कोणी भेटलं की आधी खबर विचारतात, आणि उत्तर ठरलेलं असतं. एकदा एक गृहस्थ दुकानात आला. त्याच्या शेताचा बांध आदल्या दिवशी पुरात वाहून गेला होता. ओठ सुकलेले, अंगातला लांब झगा, दिशदाशा, गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला.

"काय खबरबात?" झाहिरने विचारलं.

"काही नाही. सगळं छान. तुमच्याकडे?"

"आमच्याकडेही काही नाही. देवाची कृपा. घरचे?"

"सुखरूप. शेतीवाडी उत्तम."

मग खजूर आले. कहवा आला. इवल्याशा पेल्यातून माणूस पितो, पेला पुढे करतो, पुन्हा पितो, आणि पुरे झालं की मनगटातून पेला हलवतो. त्या गृहस्थाने पेला हलवला, मिशी पुसली आणि म्हणाला, "ते जरा... बांध गेलाय." उत्तम शेतीवाडी ती हीच! मला हसावं की रडावं कळेना. पण आल्या आल्या मुद्द्यावर येणं म्हणजे यजमानाच्या अंगावर खेकसणं, असं ही मंडळी मानतात. नियम म्हणजे नियम, मग शेत का बुडेना.

माझ्यातही ते तसंच लिहीत. आधी सलाम, मग खुशाली, मग 'इथे सगळं छान, काही खबर नाही', मग झाहिरच्या भावांची चौकशी, आणि सगळ्यात शेवटी जीव गेल्यासारखी एक ओळ. झुवैना शहाणी. ती निरोप खालून वर वाचत असे. आधी शेवटची ओळ वाचायची, बापाला फोन लावायचा, मग वर जाऊन सलाम मोजायचे. अशी माणसं जगात फार नाहीत. तिला एवढं चांगलं म्हटलं, आता पुन्हा म्हणणार नाही.

माझं सगळ्यात लांबलचक गिऱ्हाईक म्हणजे हैल सुवैद या डोंगरातल्या वस्तीचा पाटकरी, मुहन्ना बिन शामिस. पाटाचं पाणी कुणाच्या बागेत कधी सोडायचं हे तो ठरवतो. वस्तीत मोबाइल फक्त पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर चालतो. तिथे बसून हा म्हातारा एका बोटाने लिहीत असे. तो दुकानातल्या मांजराचीही ख्यालीखुशाली विचारायचा. मी मनात म्हणायचो, अरे बाबा, पाणी अडलंय ते सांग, मांजर मरत नाही! पण त्याचं एक होतं. तो एकदाच सांगायचा. वस्तीतल्या कोणी 'पुन्हा एकदा कळवा' म्हटलं तर त्याचा चेहरा कडू व्हायचा. "सांगितलं म्हणजे सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितलं की ती भीक होते," असं त्याचं म्हणणं. एवढा ताठा, आणि तो कशाच्या जोरावर? एक पाट, थोडे खजूर आणि लिंबाची बाग, बस्स. हैलची लिंबं वाळवून काळी करतात आणि ती निझव्याच्या बाजारात नाव घेऊन मागतात, हे मात्र मान्य करायला हवं.

मग अझ्झान आला.

अझ्झान हा झाहिरच्या भावाचा मुलगा. मस्कतला कसलासा कोर्स करून आला होता. डोक्यावर कुम्मा, म्हणजे इथली नक्षीची टोपी, तिच्यावर काळा चष्मा, मनगटावर ताटलीएवढं घड्याळ. मला पाहून त्याने नाक मुरडलं. मलाही तो आवडला नाही, पण मला मुरडायला नाक नाही.

"काका, हा फॉर्म कुठल्या जमान्यातला? बाहेर लोक हसतात."

"माझ्याकडे तर कोणी हसत येत नाही," झाहिर म्हणाला. "पाणी बंद असतं."

"तेच म्हणतो! माणूस आधीच वैतागलेला, त्यात हे चार चौकोन. मी दुसरा प्लगइन बसवतो. तो निरोप आपोआप वेगळे काढतो. नवं काम एका कप्प्यात, तक्रार एका, खुशाली एका. खुशालीला उत्तरही तोच देतो. झुवैनाचं अर्धं काम वाचेल."

झाहिरला यातलं काही कळलं नाही. पुतण्याला हिरमुसलं करायचं नाही एवढंच त्याला कळलं. "झुवैनाला विचार," म्हणाला आणि फावडं उचलून गेला.

अझ्झानने विचारलं, नाही असं नाही. दारात उभा राहून, गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत विचारलं. "झुवैना, नव्या फॉर्मची काही अडचण?"

"काही नाही, सगळं छान," झुवैना म्हणाली. "बस ना. कहवा ठेवते."

"नको गं, मस्कतला मीटिंग आहे. मग ठरलं!"

आणि गेला. झुवैना किटली हातात धरून उभी. लोक निरोप कसा लिहितात, कुठून वाचायचा, सगळं तिच्या जिभेवर होतं. कहवा झाला की ती बोलणार होती. निझव्यात जन्मलेला, निझव्याचं दूध प्यालेला माणूस, आणि 'काही नाही, सगळं छान' हे त्याने उत्तर समजून घेतलं! मस्कतला जाऊन माणूस काय काय विसरून येतो. तिने नंतर फोन केला, तर पठ्ठ्या म्हणाला, "तू काळजीच करू नको." ज्यांना काही कळत नाही ती माणसं हे वाक्य फार बोलतात, मित्रांनो. तुम्हीही बोलत असाल.

मला त्याने पुसलं नाही, नुसतं बंद केलं. बंद केलेला प्लगइन वेबसाइटच्या माळ्यावर पडून राहतो. ऐकू सगळं येतं, करता काही येत नाही. त्यातही त्याचा निष्काळजीपणा बघा. 'आमच्याविषयी' या पानावरून मला काढायला तो विसरला. त्यामुळे तिथे माझ्या जागी मला बोलावणारी खूण, दोन कंसांमधलं माझं नाव आणि नंबर, तेवढी उघडी पडली, दाराबाहेर राहिलेल्या चपलेसारखा. येणारेजाणारे ते बघत. काय अब्रू राहिली असेल?

आणि तो नवा! काय त्याचा थाट! एका वेळी एकच प्रश्न विचारायचा. 'प्रिय मित्रा, आज आम्ही तुमच्यासाठी काय करू?' असं लाडात बोलायचा. बटण दाबलं की पडद्यावर फुगे उडायचे. डोंगरात पाणी बंद आहे, बाया डोक्यावर डबे घेऊन उभ्या आहेत, आणि हा फुगे उडवतो! वर अक्कल अशी की निरोपाच्या पहिल्या दोन ओळी वाचायच्या आणि कप्पा ठरवायचा. यादीतही त्या दोनच ओळी दिसायच्या. 'सलाम, इथे सगळं छान, काही खबर नाही' असं दिसलं की टाक खुशालीत आणि पाठव आभाराचं उत्तर. या मुलखात बसवायला याहून नालायक वस्तू शोधूनही सापडली नसती.

बकरी ईदचे दिवस होते. खुशालीचा कप्पा खऱ्याखुऱ्या शुभेच्छांनी भरून वाहत होता. झुवैनाने सुरुवातीला एकेक उघडून पाहिला. ईद मुबारक, ईद मुबारक, मांजराला ईद मुबारक. मग तिनेही उघडणं सोडलं. तिलाही मी यातून सोडणार नाही.

त्याच दिवसांत हैल सुवैदच्या बोगद्यात दरड कोसळली. पाटाचं पाणी बारीक झालं आणि मग थांबलं. उन्हाळा टिपेला, खजुराचे घड रंग धरायला लागलेले. खजुराचं झाड तग धरतं. लिंबाला दम नसतो. मुहन्ना कठड्यावर जाऊन बसला आणि एका बोटाने त्याने लिहिलं. सलाम, ईद मुबारक, इथे सगळं छान, काही खबर नाही, पोरंबाळं सुखरूप, झाहिरच्या भावांना सलाम, मांजर कसं आहे. आणि शेवटी: 'पाटाला पाणी नाही. बोगदा पडला असावा. लिंबं माना टाकतायत.'

फुगे उडाले. उत्तर आलं: 'आपला आपुलकीचा निरोप पोचला. मनापासून आभार. लवकरच भेट होवो!'

मुहन्नाने ते जमलेल्या माणसांना वाचून दाखवलं. "भेटायला येतायत," तो म्हणाला. "लवकरच म्हणतायत."

दुसऱ्या दिवसापासून त्याच्या घरी झाहिरच्या माणसांसाठी रोज जादा भात शिजू लागला. पिण्याचं पाणी खालून गाडीने यायचं. बागेला कोण गाडीने पाणी घालणार? बायका भांडी घासलेलं पाणी लिंबांना नेऊन घालत होत्या. कोणी म्हणालं, मुहन्नाकाका, परत लिहा. त्याचा चेहरा तसाच कडू झाला. झाहिरने येतो म्हटलंय ना, मग येईल. रोज संध्याकाळी तो भात शेळ्यांना घातला जाई.

शेवटी मुहन्ना डोंगर उतरून निझव्याला आला. तक्रार करायला नव्हे, ते लक्षात घ्या. येतो म्हणालेला झाहिर आला नाही म्हणजे त्याचं काहीतरी बरंवाईट झालं असणार, म्हणून म्हातारा मधाची बाटली घेऊन आजाऱ्याला बघायला आला होता. सगळ्यांवर डाफरणारा मी, इथे मला बोलायला काही सुचत नाही.

दुकानात झाहिर धडधाकट बसलेला. अझ्झान त्याला संगणकावर रंगीत खांब दाखवत होता. "बघा काका, खुशालीचा खांब केवढा! लोक जाम खूष आहेत आपल्यावर."

तेवढ्यात मुहन्ना आत आला. सगळे उठले.

"काय खबरबात, मुहन्ना?"

"काही नाही. सगळं छान. तुमच्याकडे?"

"देवाची कृपा. बागा?"

"उत्तम."

अझ्झानचा चेहरा खुलला. "मुहन्नाकाका, तुमचा निरोप आला होता हं. किती गोड लिहिता तुम्ही! आम्ही उत्तरही पाठवलं."

"मिळालं, बाळ. छान होतं."

अझ्झानने किल्ली उचलली. "मी निघतो, काका. मीटिंग..."

"खाली बस," झाहिर म्हणाला.

तो आवाज बोगद्यात काम करणाऱ्या माणसाचा होता. अझ्झान बसला. झुवैना कहवा ओतत होती. मुहन्नाने एक पेला घेतला, दुसरा घेतला. तिसराही घेतला. या दुकानात तिसरा पेला पिणाऱ्याकडे सांगायला मोठं काहीतरी असतं. मग मुहन्नाने पेला हलवला.

"झाहिर, तुझी तब्येत बरी आहे ना?"

"मला काय धाड भरलीय?"

"मग तू आला का नाहीस?" मुहन्ना जमिनीकडे बघत म्हणाला. "लिंबं गेली."

झुवैनाने किटली खाली ठेवली, संगणकापाशी गेली, खुशालीचा कप्पा उघडला आणि मुहन्नाच्या निरोपाच्या शेवटच्या ओळी मोठ्याने वाचल्या. अझ्झानने दोन्ही हातांत डोकं धरलं. एरवी मला आनंद झाला असता. त्याच्यासाठी मी माळ्यावर बसून कितीतरी टोमणे घासूनपुसून ठेवले होते.

झाहिर त्याच दुपारी माणसं घेऊन वर गेला. अझ्झानलाही त्याने गाडीत घातलं, चष्म्यासकट. दरड फुटली, पाणी आलं. खजूर वाचले. लिंबाची बाग उभीच्या उभी वाळली होती, पानाला हात लावला की चुरा. झाहिरने अझ्झानच्या हातात कोयता दिला आणि मेलेली झाडं तोडायला लावलं. लिंबाला काटे असतात, हे मस्कतच्या कोर्सात शिकवत नसावेत. त्याचे हात रक्ताने भरले. मुहन्ना सगळा वेळ शेजारी उभा राहून फांद्या बाजूला ओढत होता.

"काका, मला दोन शिव्या तरी द्या," अझ्झान शेवटी म्हणाला.

"आधी जेव," मुहन्ना म्हणाला. "भात तुमच्यासाठीच केलाय."

वस्तीतलं हे सगळं मला झाहिरच्या बोलण्यातून कळलं. अझ्झान तर परत आला तेव्हा दारातच थांबला होता. झुवैनाने सवयीने विचारलं, "काय खबरबात?"

"वाईट आहे," तो म्हणाला. खजूर नाही, कहवा नाही, काही नाही. मग संगणकापुढे बसला, आणि पट्ट्या बांधलेल्या बोटांनी त्याने नव्याला बंद केलं आणि मला पुन्हा सुरू केलं. माझे चारी चौकोन होते तसे उजळले. नाव, गाव, फोन, मजकूर, सगळं जिथल्या तिथे. दोन कंसांमधली माझी ती लाजही आपोआप झाकली गेली. तो म्हणाला, "झुवैना, आता सांग. तुला तेव्हा काय सांगायचं होतं?" ती सांगत राहिली आणि तो उठला नाही.

तर मित्रांनो, मनोगताच्या शेवटी काहीतरी बोध द्यायचा असतो. नवं आणू नका असं मी म्हणणार नाही. तुम्ही ऐकणार नाही आणि मीही कधीतरी नवाच होतो. जुनं काढण्याआधी ते रोज हाताळणाऱ्याला विचारा, आणि विचारलंत तर उत्तर संपेपर्यंत बसा. किल्ली खिशात ठेवा. हे एवढं जमलं तरी तुमच्याबद्दलचं माझं मत थोडं सुधारेल.

मला सगळे सुदैवी म्हणतात. बंद पडलेला फॉर्म परत आला, पहिल्यासारखा झाला, म्हणून झुवैनाने त्या दिवशी दुकानात हलवाही वाटला. खरंच आहे. मला परत आणायला एक कळ दाबावी लागली. मुहन्नाच्या लिंबांना तशी कळ नव्हती.